आईचे एप्रिलमधले वजन

३ डिसेंबर २०२४, मंगळवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. यवतमाळच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी कडप्प्याच्या सपाट तुकड्यावर ठेवलेल्या माझ्या वजनकाट्याने आईचे वजन ५८.४ किलो दाखवले.

तिचे वजन घ्यावे असे मी ठरवले नव्हते. राळेगाव तालुक्यातल्या गावांकडे निघण्यापूर्वी मी नेहमी काटा तपासते. आधी पाच किलोचे प्रमाणित वजन ठेवायचे, मग दहाचे, मग स्वतः उभे राहायचे. गावातल्या सारवलेल्या जमिनीवर काटा खोटे बोलतो, म्हणून कडप्प्याचा तुकडाही पिशवीत असतो. आई चहाचा कप घेऊन आली, कप ओट्यावर ठेवला आणि "बघू तरी तुझी मशीन मास्तरणीला किती मार्क देते," असे म्हणत वर चढली.

आकडा वाचून माझ्या मनात आले की काटा बिघडला. मी तिला उतरवले, पाच किलोचे वजन पुन्हा ठेवले. काटा पाच म्हणाला.

"कमी आहे," मी म्हटले.

"कोणापेक्षा?"

"तुझ्या आधीच्या वजनापेक्षा."

"ते किती होतं?"

आईने कप उचलला. ज्या प्रश्नाचे उत्तर लोकांकडून काढण्यासाठी मी जिल्हाभर फिरत होते, तोच प्रश्न माझ्या घरात मला विचारला गेला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्या सकाळी मी का घाबरले, हे कळण्यासाठी माझे काम थोडे सांगायला हवे. स्वादुपिंड हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढ्यात दडलेला असतो. तिथे कर्करोगाची गाठ धरली तर ती हाताला लागत नाही, आणि सुरुवातीला बहुधा दुखतही नाही. कावीळ होते, पाठ धरते, अन्न नकोसे होते, तोवर बहुतेकांच्या बाबतीत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. मग सगळ्यांचेच पोट आधी का तपासू नये? कारण हा रोग फार थोड्यांना होतो आणि निरोगी माणसाच्या पोटातही तपासणीत काही ना काही दिसतेच. त्या निरुपद्रवी ठिपक्यापायी माणसे महिनोन्‌महिने झोप गमावतात, कधी नको ती शस्त्रक्रियाही करून घेतात. म्हणून शोध जोखमीच्या माणसांपुरता ठेवावा लागतो. ज्यांच्या सख्ख्या नात्यातले कोणी याच रोगाने गेले आहे, ती माणसे जोखमीची. पन्नाशी उलटल्यावर ज्यांना अचानक मधुमेह निघतो, त्यांच्यातलीही काही. एरवी मधुमेह बहुधा वाढत्या वजनाच्या सोबतीने येतो. साखर चढते आहे आणि वजन उतरते आहे, असे दिसले की थांबून पाहावे लागते. बहुतेक वेळा साधे कारण निघते. क्वचित त्यामागे गाठ असते.

नागपूरच्या एका संस्थेच्या प्रकल्पात मी संशोधन साहाय्यक आहे. आमच्या जिल्ह्यातल्या, पन्नाशीनंतर नुकताच मधुमेह निघालेल्या माणसांचे ठरावीक अंतराने वजन घ्यायचे, रक्त घ्यायचे, ते गोठवून नागपूरला पोहोचवायचे. त्या रक्तात पुढे काय शोधायचे ते प्रयोगशाळा पाहील. माझे लक्ष वेगळ्या गोष्टीवर होते. वजन उतरले असे म्हणण्यासाठी आधीचे वजन माहीत असावे लागते, आणि गावातल्या माणसाला ते माहीत नसते. मुकुटबनच्या शेतकऱ्याला मागच्या हंगामातल्या कापसाचे वजन किलोसकट सांगता येते. स्वतःचे वजन त्याने कधी केलेलेच नसते. म्हणून मी एक प्रश्नावली रचली होती. पुरुषांना विचारायचे, करदोट्याची गाठ कधी सरकवली? बायकांना विचारायचे, बांगडी कोपराकडे किती वर जाते, ब्लाउज कधी आत घेतला? या उत्तरांतून मागचे वजन अंदाजाने काढता येईल का, हा माझा स्वतंत्र विषय होता. त्यावर मला पीएचडी करायची होती, आणि शक्य तितक्या लवकर करायची होती.

लोक माझी थट्टा करत. राळेगावकडची एक बाई काट्यावर चढताना म्हणाली होती, "मले वारंवार काट्यावर चढवून राह्यल्या मॅडम, पण भाव काही सांगत नाही. कापूस असता तं आतापर्यंत विकून मोकळी झाली असती." मी हसले होते आणि तिचा आकडा लिहून घेतला होता.

आता आईविषयी. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. शेवटची बारा-तेरा वर्षे तिने राळेगाव तालुक्यातल्या एकाच गावात काढली आणि त्या वर्षी मे महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण होऊन निवृत्त झाली. ऑक्टोबरमध्ये साध्या तपासणीत तिला मधुमेह निघाला. आणि माझे मामा, तिचे सख्खे धाकटे भाऊ, तीन वर्षांपूर्वी दिग्रसला स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेले होते. कावीळ म्हणून दवाखान्यात नेलेले मामा परत आले तेव्हा निदान झाले होते आणि उपचार उरला नव्हता. वय, नवा मधुमेह, सख्खे नाते. प्रकल्पाच्या निकषांतले तीन रकाने माझ्या आईने भरले होते. चौथा रकाना वजनाचा होता.

त्याच आठवड्यात मी तिला म्हटले, "नागपूरला जाऊन पोटाचा स्कॅन करून घेऊ."

"कशासाठी?"

"वजन उतरलंय म्हणून."

"हे बघ बेटा," ती तांदूळ निवडत होती, तिने ताट बाजूला ठेवलेसुद्धा नाही. "साखर सोडली, भात अर्धा केला, सकाळी दर्डा नाक्यापर्यंत चालून येते, वर गोळी सुरू आहे. वजन उतरलं असेल तर मला शाबासकी पाहिजे. आणि उतरलं हे तरी कशावरून? तुला वाटतं म्हणून?"

"मला दिसतं."

"वाटणं, दिसणं. सातवीतली पोरं असंच म्हणायची, दोन्ही कोन सारखे दिसतात म्हणून सारखे. मी काय म्हणायची?"

"सिद्ध कर."

"मग कर."

ती चुकीचे काही बोलत नव्हती, हीच अडचण होती. कमी आहार, चालणे, मधुमेहाची गोळी, खुद्द मधुमेह. वजन उतरायला यातले प्रत्येक कारण पुरेसे होते. एखाद्या परक्या बाईच्या बाबतीत हेच मी लिहिले असते. पण परक्या बाईच्या बाबतीत मी दुपारी दोन वाजता शेताच्या बांधावर थांबून तिच्या भावाचा पिवळा पडलेला चेहरा आठवत बसले नसते. मामांच्या शेवटच्या महिन्यात त्यांचे मनगट माझ्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या वळशात सहज मावत असे. आई भाकरी थापू लागली की मी तिच्या मनगटाकडे बघायला लागले.

माझ्या मार्गदर्शक मॅडमना मी फोन केला. आईला प्रकल्पात घेता येईल का, असे विचारले.

"तू माहिती गोळा करणार आणि तीच तुझी आई? नाही," त्या म्हणाल्या. "पण पेशंट म्हणून तिला केव्हाही पोटविकारतज्ज्ञाकडे ने. किती उतरलंय वजन?"

"नक्की माहीत नाही."

"अगं, हे तू मला सांगतेस?"

त्या रागावल्या नव्हत्या. तरी माझे कान तापले.

मी शोध सुरू केला. आईने कधी रक्तदान केले नव्हते. शाळेतल्या आरोग्य शिबिरात तिने मुलांची वजने लिहून घेतली होती, स्वतःचे केले नव्हते. ऑक्टोबरमधल्या डॉक्टरांनी साखर लिहिली, रक्तदाब लिहिला, वजनाची जागा कोरी ठेवली. ती बांगड्या घालत नाही. ब्लाउज पहिल्यापासून सैलच शिवते. घड्याळाचा पट्टा पाहावा, तर घड्याळ निवृत्तीच्या दिवशी मिळालेले, नवे कोरे. माझी प्रश्नावली, जिच्यावर मला पदवी मिळवायची होती, माझ्या आईपुढे साफ नापास झाली.

आणि मग, कपाटावरच्या सत्काराच्या शाली खाली काढताना, मला गूळतुला आठवली.

एप्रिलच्या अखेरीस, उन्हाळ्याची सुटी लागण्यापूर्वी, गावाने आईला निरोप दिला होता. शाळेच्या अंगणातल्या कडुनिंबाला कापूस तोलायचा जुना मोठा काटा टांगला, एका पारड्यात आईला बसवले, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या रचल्या. आईला हे मुळीच पसंत नव्हते. माणसाला असे तोलू नये, सत्कार करायचाच तर शाळेला पंखे द्या, असे ती म्हणाली होती. गावाने पंखेही दिले आणि तुलाही केली. तो गूळ मग घरोघरी वाटला. मी त्या दिवशी मुकुटबनला कामावर होते, त्यामुळे मला सगळे ऐकीव माहीत होते. पण आकडा मला ठाऊक होता, कारण तो माइकवरून पुकारला होता आणि पुढे गावात त्याची थट्टा झाली होती. आईला मधुमेह निघाल्याचे कळल्यावर तिकडे म्हणत, बाईले गुळात तोललं न, म्हून साखर झाली.

चौसष्ट किलो.

चौसष्टातून ५८.४ वजा केले तर पाच किलो सहाशे ग्रॅम उरतात. सुमारे सात महिन्यांत. एखाद्या अनोळखी नावासमोर हा फरक मी पाहिला असता तर त्याच दिवशी नागपूरला कळवले असते. मी आईकडे गेले आणि तिला आकडा सांगितला. मला वाटले होते की ती घाबरेल, आणि तिने घाबरावे अशी माझी इच्छाही होती.

"तो गुळाचा आकडा आहे," ती म्हणाली. "माझा नाही."

"तुला समोर ठेवूनच तोलला ना?"

"विचार जाऊन गावाला."

जावे लागले नाही. पुढच्या रविवारी शाळा समितीच्या माजी अध्यक्ष काकू यवतमाळला आल्या. त्यांची कापसाची आणि तुरीची शेती आहे. आईसाठी पिशवीभर तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन त्या न चुकता येतात. तुलेचा सगळा घाट त्यांनीच घातला होता. आम्ही तिघी अंगणात शेंगा सोलत बसलो आणि मी हळूच विषय काढला.

"काकू, तुलेत गूळ नक्की किती लागला होता?"

"चौसष्ट. माइकवर सांगतलं न."

"काटा बरोबरीत आला तेव्हा चौसष्ट?"

काकू हसायला लागल्या. "बरोबरीत? अव माय, बरोबरीत आलं तवा साठच्या आतच होता. मंग आमच्या घरचे म्हणाले, बाईले काय बरोबरीत उतरवता? गुळाचं पारडं खाली गेलं पायजे, नाई तं गावाची काय शोभा? मंग टाकल्या वरतून भेल्या. चार-पाच किलो तं नक्कीच."

"म्हणजे खरं वजन साडेएकोणसाठच्या आसपास?"

"आता मले काय मालूम? गूळ खाऊन गाव मोकळं झालं, अन् तुमची पोरगी आता हिशेब मागून राह्यली, बाई!" त्या आईकडे वळल्या. "काहून व, परत तोलाचं हाय का तुमाले?"

"तिचा अभ्यास चाललाय," आई म्हणाली. "झालं का सिद्ध?"

झाले होते. साडेएकोणसाठातून ५८.४. फरक एका किलोचा. चालण्याने, भात कमी केल्याने इतके वजन कुणाचेही उतरते. माझ्या छातीवरचे ओझे उतरले. मी मूठभर दाणे तोंडात टाकले, काकूंना पुन्हा चहा विचारला, त्यांच्या नातवाच्या लग्नाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. सुटल्यासारखे वाटणे हा पुरावा नाही, हे मला त्याही क्षणी कळत होते. तरीही त्या दुपारी मी मॅडमना कळवले की घरचा प्रश्न मिटला. आई मात्र काकू गेल्यावर उरलेल्या शेंगा सोलत एकटीच अंगणात बसून राहिली. दमली असेल असे मला वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काटा पिशवीत भरत होते. आई म्हणाली, "तो काढ. आणि अंगणात ये."

"का?"

"तू समीकरण अपुरं मांडलंस. एक पद राहिलंय."

अंगणात आमचे पेरूचे झाड आहे. त्याची एक जाड फांदी आईच्या डोक्याच्या वर, हात उंचावला की पोहोचेल इतक्या उंचीवर आडवी गेली आहे. तिने मला कडप्प्याचा तुकडा त्या फांदीखाली ठेवायला लावला, त्यावर काटा. मग ती चढली, दोन्ही हात खाली ठेवून. आकडा ५८.१ आला.

"आता बघ." तिने उजवा हात वर नेला आणि फांदी धरली.

काट्यावरचा आकडा घसरू लागला. सत्तावन्न. पंचावन्न. त्रेपन्न. माझी आई माझ्यासमोर उभी होती, दिसायला तेवढीच, आणि तिचे वजन माझ्या डोळ्यांदेखत कमी होत होते. एकावन्नपाशी आकडा थरथरत राहिला.

"तुलेच्या दिवशी अशीच बसले होते," ती म्हणाली. "निंबाची फांदी हाताला येत होती. लोकांना वाटलं, बाई तोल सावरतात."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. गुळाला वर्गणी कोणी कोणी दिली, ते मला माहीत होतं. माझ्या वर्गातल्या पोरांच्या घरून आली होती. म्हटलं, आपल्यापायी जितकी भेली कमी लागेल तितकं बरं."

"किती जोरात धरलं होतं?"

"असंच. याहून थोडं जास्त." तिने पुन्हा ओढ घेतली. ५०.६.

कुंपणापलीकडून शेजारच्या मावशींचा आवाज आला. "सकाळी सकाळी काय करून राह्यल्या बाई?"

"पेरू काढते."

"अन् पायाखाली काय घेतलं?"

"उंची पुरत नाही हो," आई म्हणाली, आणि फांदी सोडली नाही.

मला हसू आले नाही. मी प्रश्न विचारत गेले, कारण प्रश्न विचारताना माझे हात स्थिर राहतात. वरून भेल्या टाकल्यावर तुझे पारडे वर गेले, तेव्हा पकड सुटली का? नाही, उलट आवळली. पडेन अशी भीती वाटली. शेवटपर्यंत धरून होतीस? उतरवले तेव्हा हात भरून आला होता. आम्ही तीनदा तसेच करून पाहिले. ओढ कधी साडेसहा किलोची यायची, कधी साडेसातची. मधला आकडा सात धरायला हरकत नव्हती.

आई काट्यावरून उतरली आणि अंगठ्याने बोटांच्या पेरांवर हिशेब केला, वर्गात करायची तसाच. "साडेएकोणसाठ, अधिक सात. साडेसहासष्ट. त्यातून आजचे अठ्ठावन्न. साडेआठ." मग म्हणाली, "यात चूक किलो-दीड किलोची धर. तरी सातच्या खाली जात नाही."

"काल काकूंसमोर का नाही सांगितलंस?"

"गावाने कौतुकाने तोललं आणि बाईने तिथे लबाडी केली, हे तिला कशाला सांगायचं?"

"मग मला आत्ता तरी का सांगितलंस? मी तर मान्य केलं होतं."

आईने काटा उचलून माझ्या हातात दिला. "तेच ना. माझी खात्री होती की तुला सिद्ध करता येणार नाही, म्हणून मी निवांत होते. पण काल तू चुकीचं उत्तर काढून खूश झालीस. चुकीच्या उत्तरापुढे मी आयुष्यात बरोबरची खूण केली नाही." मग पदराने हात पुसत तिने विचारले, "नागपूरला कधी जायचं?"

त्या क्षणी मला जिंकल्यासारखे वाटायला हवे होते. मला तिला म्हणावेसे वाटले, की फांदीचे राहू दे, कालचेच उत्तर ठेवू.

आम्ही एसटीने गेलो. आईने खिडकीची जागा घेतली आणि वर्ध्यापर्यंत कापसाच्या उभ्या शेतांवर टीका केली. तज्ज्ञ डॉक्टरांनी तिचे सगळे ऐकून घेतले. गूळतुलेचा भाग मी शक्य तितक्या शास्त्रीय भाषेत सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवले आणि फांदीची गोष्ट आईकडून पुन्हा ऐकली. वजनाचा अंदाज कच्चा असला तरी भावाचा इतिहास आणि नवा मधुमेह पाहता थांबण्यात अर्थ नाही, असे ते म्हणाले. शिरेतून औषध देऊन पोटाचा स्कॅन झाला. पुढच्या आठवड्यात तोंडावाटे दुर्बीण घालून आतून सोनोग्राफीही झाली.

अहवालात गाठ नव्हती. ते वाक्य मी तीन वेळा वाचले. त्याच्या खालच्या ओळीत लिहिले होते की स्वादुपिंडातली मुख्य नलिका किंचित रुंद दिसते; कारण स्पष्ट नाही; तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.

"म्हणजे मी पास की नापास?" आईने विचारले.

"निकाल राखून ठेवलाय," डॉक्टर म्हणाले.

आईला ते उत्तर आवडले. मला आवडले नाही, कारण मला त्याचा अर्थ माहीत होता. नलिका जन्मजात रुंद असू शकते. वयाने असू शकते. आणि स्कॅनला दिसणार नाही इतके बारीक काही तरी पुढे वाट अडवून बसले असले तरी ती अशीच, किंचित, रुंद होते. ज्या टप्प्यावर हा रोग सापडावा म्हणून आम्ही गावोगाव फिरतो, तो टप्पा आतून असाच दिसत असणार, असे मी कितीदा सादरीकरणात सांगितले होते. लवकर शोध या दोन शब्दांचा घरात अर्थ असा होता, की काही माहीत नसताना वाट पाहायची.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र हातात दिली. आहार वाढवा, ते म्हणाले. भात पूर्ववत, दूध, अंडी, साखर गोळीने सांभाळू. वजन कमी खाण्यामुळे उतरले असेल तर ते चढेल. चढले नाही तर तेही आम्हाला हवे आहे. तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी आई काट्यावर चढते. हात दोन्ही बाजूंना मोकळे सोडते आणि मी न विचारताच तीच म्हणते, "बघ, कशालाही धरलेलं नाही."

जानेवारीत ती ५७.६ होती. फेब्रुवारीत दोन मंगळवार ५७.४ वर थांबली, आणि त्या दोन आठवड्यांत मी मामांना विसरू शकले. मार्चच्या सुरुवातीला ५७.७ आले तेव्हा आईने त्या दिवशी मुद्दाम दोन वाट्या भात खाल्ला आणि काकूंना फोन करून सांगितले की आता पुन्हा तोलायला हरकत नाही. "या मंग," काकू म्हणाल्या, मला पलीकडून ऐकू आले, "पण या वर्षी मिठात तोलू, गूळ तुमाले सोसत नाही."

मधल्या काळात माझे काम चालू राहिले. मी दिग्रसला गेले, राळेगावला गेले, वजने घेतली. एका फरकाची नोंद करायला हवी. पूर्वी एखाद्या बाईचा आकडा उतरलेला दिसला की मला आधी माझा आलेख दिसायचा. आता तिच्या मागे दारात उभी असलेली मुलगी किंवा सून दिसते, आणि मी तिला बाजूला घेऊन नागपूरची तारीख स्वतः ठरवून देते. हे प्रकल्पाच्या नियमांत बसते. त्याला वेळ जास्त लागतो. मॅडम म्हणतात की या गतीने माझा प्रबंध लांबेल. त्यांचे बरोबर आहे, आणि मला त्याची चिंताही वाटते. पण ती चिंता आता दुसऱ्या क्रमांकावर आहे.

गेल्या मंगळवारी आई ५७.६ होती. माझ्या काट्यातली चूक शंभर ग्रॅमच्या आत राहते. ते मी आज पुन्हा पाच आणि दहा किलोच्या वजनांनी तपासले. दुसरा स्कॅन उद्या आहे. एसटीची तिकिटे काढून झाली आहेत, आईने पिशवी भरली आहे, उपाशीपोटी राहायची वेळ तिने स्वतः गजरात लावली आहे. आज सकाळी ती काट्यावर उभी राहिली, समोरच्या भिंतीकडे पाहत, आणि आकडा स्थिर होईपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, "सांग. गोल करून सांगू नकोस."

मी सांगितला. तिने मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली.

१८ मार्च २०२५, मंगळवार, सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटे: ५७.३.